एकदम दोन गिअर

बारक्याचं वजन एक्क्याण्णव किलो आणि वय सत्तावन्न. तरी घरचे त्याला बारक्याच म्हणतात, कारण चार भावंडांत तो शेवटचा आणि जन्मला तेव्हा इतका किडकिडीत होता की नर्सने म्हणे त्याला काट्यावर ठेवलं आणि काटाच बिघडलाय का ते आधी बघितलं. पुढे त्याने ती कसर भरून काढली, पण नाव काही बदललं नाही.

त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. तीन दंतवैद्यांकडून त्याच्याकडे जबड्यांची मापं येतात. घराच्या मागच्या खोलीत बसून तो प्लास्टर कालवतो, साचे ओततो, मेणात एकेक दात उभा करतो, मग घासूनपुसून चकाकी आणतो. खोलीत शिरलं की समोरच्या फळीवर पंचवीस-तीस जबडे ओळीने हसत असतात. नवा माणूस दचकतो. बारक्याला मात्र ते सगळे आपल्यावर खूश होऊन हसतायत असंच वाटायचं. "पाव मिलिमीटरचा फरक जिभेला कळतो," हे वाक्य तो दिवसातून दोनदा तरी म्हणायचा, एकदा गिऱ्हाइकाला आणि एकदा बायकोला, आणि गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी दोन्ही वेळा बायकोला.

ह्याच वाक्याने आपला घात केला, असं आता तो स्वतः सांगतो. ज्याचा हात पाव मिलिमीटरवर चालतो त्याला जगातलं काहीही दुरुस्त करता येतं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. स्वयंपाकघरातल्या नळाला त्याने एकदा हात लावला, तेव्हापासून तो नळ उलट्या बाजूने उघडतो आणि पाहुण्याला पाणी हवं असेल तर आधी समजावून सांगावं लागतं. भिंतीवरचं घड्याळ त्याने उघडलं, साफ केलं, बंद केलं. ते अजून बंदच आहे. पण नळ, घड्याळ ही किरकोळ प्रकरणं. मोठं प्रकरण म्हणजे गाडी.

गाडी त्याने पंचावन्नाव्या वर्षी घेतली. दोनच माणसांची, उघड्या टपाची, गर्द हिरवी, जुनी स्पोर्ट्स कार. वयाने त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आधी ती एका हाडांच्या डॉक्टरांकडे होती. त्यांना तिच्यात बसता येत होतं पण उठता येईना, म्हणून त्यांनी ती काढायची ठरवली. ह्या कारणाचा बारक्याने नीट विचार करायला हवा होता. पण गाडी समोर आल्यावर विचार करायचं राहून गेलं.

"हिच्यात बसायचं कसं?" बायकोने विचारलं होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय चाललंय ते बघायची तिला रोजची सवय आहे, त्यामुळे नवऱ्याच्या बोलण्यावर ती फारशी जात नाही.

"बसायचं नाही गं. आत उतरायचं," बारक्या म्हणाला.

"आणि बाहेर?"

"बाहेरचं बघू नंतर."

गाडीत एकच दोष होता. तिचा गिअरचा दांडा लांबलचक आणि सैल होता. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन यावं तसं व्हायचं. कुठलाही शहाणा माणूस सांध्यांतली जुनी बुशं बदलून मोकळा झाला असता. बारक्याने एका मासिकात फोटो बघितला. दुसऱ्याच एका कंपनीचा गिअर, आखूड चकचकीत दांडा, वर पांढरी गोल मूठ. मनगट नुसतं हलवायचं की गिअर पडला. त्याने तो मागवला.

खोका आला तो रविवार. त्यात सुटे भाग होते सदतीस आणि सूचनांचा कागद चार पानांचा. पहिल्या पानावर आभारबिभार असतील म्हणून बारक्याने ते सोडून दिलं आणि दुसऱ्या पानापासून सुरुवात केली.

रचना तशी सोपी असते. दांड्याच्या खाली लोखंडी पेटी, पेटीत तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एक सळई, ती मागून गिअरबॉक्सच्या कुशीतल्या एकेका कानाला, म्हणजे बाहेर डोकावणाऱ्या छोट्या लिव्हरला, जोडलेली. एक सळई पहिल्या-दुसऱ्याची, एक तिसऱ्या-चौथ्याची आणि एक उलट्या गिअरची. सळईच्या टोकाला आटे असतात, ते फिरवून तिची लांबी कमी-जास्त करायची. शिवाय पेटीला पुढेमागे एकेक बोल्ट, दांडा पाहिजे त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून त्याला अडवायला. बारक्याने संध्याकाळपर्यंत सगळं जोडलं. मागे उरले दोन प्लास्टिकचे वायसर आणि काटकोनात वाकवलेली बोटभर जाडीची एक पोलादी पिन. कंपनीने जादाची दिली असणार, असं म्हणून वायसर त्याने खणात टाकले. पिन मात्र प्लास्टर ढवळायला इतकी सोयीची निघाली की कंपनीच्या दूरदृष्टीचं त्याला कौतुक वाटलं.

महिनाभर गिअर लोण्यासारखा पडला. मग दुसऱ्यात जाताना दांडा आढेवेढे घ्यायला लागला. मग तिसरा गिअर चढावर आपण होऊन बाहेर यायला लागला. बारक्याने अडवणारे बोल्ट हातात घेतले. दर रविवारी एखादा बोल्ट थोडा फिरवायचा, चक्कर मारून यायचं आणि वहीत लिहायचं. वही त्याने अजून जपून ठेवलीय. तिच्यात लिहिलंय, 'पुढचा बोल्ट पाऊण फेरा आत. फरक जाणवतो.' पुढच्या रविवारी लिहिलंय, 'पुढचा बोल्ट पाऊण फेरा बाहेर. फरक जाणवतो.' असे रविवार सेहेचाळीस. मध्यंतरी त्याने एकदा बसून सगळ्या फेऱ्यांची बेरीज-वजाबाकी केली, तेव्हा बोल्ट वर्षभरात होता तिथेच असल्याचं निघालं.

आता मजा अशी की ह्या कामातला शहरातला सगळ्यात जाणता माणूस त्याच्या नात्यातच होता. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि तिचे यजमान म्हणजे दाजी. दाजींनी बस डेपोत अडतीस वर्षं गिअरबॉक्स उघडले आणि मिटले. बस फाटकातून आत आली की ते चहाचा पेला हातातच ठेवून सांगायचे, "सात नंबर, तिसऱ्याची बुशं गेलीत." पण दाजींना विचारायची सोय बारक्याने स्वतःच घालवली होती.

झालं होतं असं, की दाजींना कवळी हवी होती. घरचाच माणूस, त्याला कशाला दंतवैद्याकडे पाठवायचं, म्हणून बारक्याने स्वतःच माप घेतलं, स्वतःच चावा तपासला आणि झोकात कवळी बसवून दिली. आठवड्याने दाजी आले.

"बोलताना आपटते रे. कट कट होतं."

"सवय नाही ना अजून. होईल."

तीन आठवड्यांनी पुन्हा आले. "जेवताना दुखतं. आणि आपटते अजून."

बारक्याने कवळी साच्यावर बसवून दाखवली. साच्यावर ती अशी बसली की मधून केस जाणार नाही. "हे बघा दाजी. कवळीत काही दोष नाही. तुमचा जबडाच जरा वाकडा आहे."

दाजींनी कवळी घेतली, रुमालाने पुसली आणि खिशात टाकली. "बरं," ते म्हणाले, "मग जबडा बदलून आणतो." आणि निघून गेले. ते अकरा महिने आलेच नाहीत. दुसऱ्या कुणाकडून कवळी करून घ्यायची तर तेही नाही. बिनदातांचेच राहिले. अक्का रोज त्यांच्यासाठी सगळं जेवण मिक्सरमधून फिरवून काढायची आणि फिरवताना भावाला काय म्हणायचं ते म्हणायची.

तर अशी सगळी परिस्थिती असताना बारक्या एका दुपारी बायकोला घ्यायला इस्पितळात गेला. तिला घ्यायला जायचं काही कारण नव्हतं, बसथांबा फाटकासमोरच आहे. पण तिच्या बरोबरच्या लोकांनी गाडी अजून बघितली नव्हती.

फाटकातून आत शिरला तेवढ्यात पहारेकऱ्याने हात केला. "साहेब, जरा मागे. रुग्णवाहिका येतेय."

बारक्याने उलटा गिअर टाकला, झोकात चार फूट मागे आला. पण मागे खांब.

"मागे नको आता, पुढे. पुढे घ्या, उजवीकडे!"

बारक्याने पहिला टाकला. दांडा मऊसूत गेला. क्लच सोडला आणि गाडीने एक गचका देऊन मान टाकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. गाडी फाटकाच्या बरोबर मधोमध, खिळ्यांनी ठोकल्यासारखी. बाहेर भोंगा ऐकू यायला लागला.

"साहेब, हलवा!"

"हलत नाही."

"ब्रेक सोडा की."

"सोडलाय."

"मग न्यूट्रल करा."

"न्यूट्रलच आहे," बारक्या म्हणाला, आणि ते खरंही होतं. दांडा न्यूट्रलमध्ये होता. खाली गिअरबॉक्समध्ये काय होतं ते बारक्याला ठाऊक नव्हतं. उलटा गिअर पुरता सुटलाच नव्हता आणि त्याच्यावर पहिला जाऊन अडकून बसला होता. गाडीला एकाच वेळी पुढे जा आणि मागे जा असं सांगितल्यावर तिने जे करायला हवं तेच केलं होतं.

दोघातिघांनी ढकलून बघितलं. मागची चाकं ढिम्म. मग आतून स्ट्रेचर ढकलणारे सहा जण धावत आले. माणसं उचलायची सवय असलेले. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "साहेब, उतरता का?"

बारक्याने उतरायला घेतलं. ह्या गाडीतून उतरायचं म्हणजे आधी सीट मागे, मग उजवा गुडघा, मग कूस बदलणं, मग पोट. सगळं सावकाश घ्यावं लागतं. गुडघ्यापर्यंत पोचला तोवर रुग्णवाहिका फाटकाशी आली.

"राहू द्या, राहू द्या! बसा!" थोरला ओरडला. "तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा!"

आणि त्या सहा जणांनी गाडी मागून उचलली. बारक्यासकट. पुढच्या दोन चाकांवर, हातगाडी ढकलतात तशी, त्यांनी ती ढकलत बाजूला नेली. बारक्या नाक खाली, पाठ वर अशा अवस्थेत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गंभीर चेहऱ्याने गाडी वळवत होता. वळताना त्याने सवयीने दिव्याची खूणही केली. रुग्णवाहिकेतला माणूस पाय मोडून आला होता, पण त्यानेसुद्धा मान वर करून बघितलं. एक्स-रे विभागाच्या खिडकीत बायको उभी होती. तिच्या हातात कुणाचा तरी खांदा होता, ती फिल्म तिने हळूच चेहऱ्यासमोर धरली.

त्या पाय मोडलेल्या माणसाचा एक्स-रे नंतर तिनेच काढला. टेबलावर झोपल्या झोपल्या त्याने विचारलं, "बाई, तो हिरव्या गाडीतला माणूस कोण होता हो?"

"काही कल्पना नाही," ती म्हणाली. "श्वास रोखून धरा." पायाच्या फोटोला श्वास रोखायची काही गरज नसते.

बाहेर येऊन तिने आधी फोन लावला आणि मगच नवऱ्याजवळ गेली. "अक्का आहेत," असं म्हणून तिने फोन त्याच्या हातात दिला.

"काय रे, काय झालं?" अक्काने विचारलं.

बारक्याने सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली. "हे विचारतायत, आधी मागे घेतली होतीस का?"

"हो. पण त्यांना कसं कळलं?"

"त्याला म्हणावं," असं मागून पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं. अक्काने भाषांतर केलं. "हे म्हणतायत, उलट्या गिअरची सळई काढ. क्लिप निघेल हाताने. गिअरबॉक्सचा कान पुढे ढकल म्हणजे गाडी सुटेल. आणि म्हणतायत, सुटली की थेट इकडे घेऊन ये."

"दाजींनी सांगितलं, इकडे आण म्हणून?"

"नाही. ते मी म्हणतेय. तूच फिरवून देणार असशील मिक्सर, तर नको आणूस."

बारक्या सतरंजी मागून गाडीखाली गेला. पहारेकऱ्याने छत्री धरली, खरं तर ऊन नव्हतं, पण त्याला काहीतरी मदत करायची होती. सळई निघाली, गाडी सुटली. फक्त आता तिला उलटा गिअर नव्हता, म्हणजे घरापासून दाजींच्या घरापर्यंत कुठेही मागे घ्यावं लागणार नाही असा रस्ता शोधायचा होता. त्या दिवशी गाडी कशीबशी घरीच नेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याने तो शोधला. नेहमीची पंधरा मिनिटं, त्या दिवशी एक तास दहा मिनिटं. एका बोळात समोरून दुधाची गाडी आली तेव्हा दूधवाल्याला हात जोडून मागे जायला लावलं.

दाजींच्या घरासमोर फरसबंद अंगण आहे. तिथे दोन लोखंडी उतरते पाट मांडून ठेवलेले होते. बारक्याने गाडी त्यांच्यावर चढवली, चाकांना ठोकळे लावले. दाजी दारातून आले. गुडघ्यांनी आता त्यांना गाडीखाली जाता येत नाही, म्हणून त्यांनी स्टूल आणून गाडीच्या दाराशी ठेवलं, बसले, पांढऱ्या मुठीवर पंजा ठेवला आणि दांडा एकदा सगळीकडे फिरवला. डोळे मिटून. मग दोन शब्द बोलले.

"आह् हा."

"काय म्हणाले?" बारक्याने विचारलं.

"आत जा, म्हणतायत," अक्का पायरीवर बसून म्हणाली. "गाडीखाली."

बारक्या पाठीवर झोपून आत सरकला. पोटाचा प्रश्न होता, पण श्वास सोडल्यावर तो सुटला. वरून दाजींचा आवाज आला. "इहरी हलई हिरव."

"काय?"

"इहरी हलई!"

बारक्याने दुसरी, म्हणजे दुसऱ्या गिअरची, सळई फिरवायला घेतली. पाच मिनिटं फिरवली. वरून स्टुलाचा आवाज झाला, दाजींनी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्यांना तिसरी, म्हणजे तिसऱ्या गिअरची, म्हणायचं होतं. दात नसले की दुसरी आणि तिसरी एकच होतात. अक्का भाषांतराला होती, पण ती नेमकी दूध उतू जातंय का बघायला आत गेली होती.

मग दाजी उठले. आत गेले. परत आले ते तोंडात कवळी घालून. अकरा महिन्यांनी.

"नीट ऐक आता," ते म्हणाले. कट. "उरलेल्या दोन्ही सळया आधी काढून टाक." कट, कट. "गिअरबॉक्सचे तिन्ही कान न्यूट्रलला आण." कट. आणि मग एक हलकासा आवाज, जीभ भाजल्यावर माणूस काढतो तसा.

बारक्या गाडीखाली पडून होता. त्याला दाजींचा चेहरा दिसत नव्हता, तोंड दिसत नव्हतं, साचा तर नव्हताच. नुसता आवाज येत होता. सत्तावीस वर्षं तो हेच काम करत होता. त्या आवाजाचा अर्थ कळायला त्याला दोन वाक्यंही लागली नाहीत. दात उंच झाले होते. खालचे-वरचे मिळून चांगले तीन मिलिमीटर. तोंड मिटायच्या आधीच दात दातांवर येऊन आपटत होते. माप घेताना दाजी संकोचून ताठ बसले होते, तोंड जरा उघडंच धरून. दंतवैद्य असता तर त्याने त्यांना आधी दोन गप्पा मारायला लावल्या असत्या, जबडा सैल होऊ दिला असता. बारक्याला घाई होती. त्याला कवळी साच्यावर कशी बसते ते बघायचं होतं, आणि ती साच्यावर उत्तम बसत होती.

"दाजी," तो खालून म्हणाला.

"काय?" कट.

"जबडा वाकडा नाहीये तुमचा."

बारक्याने पुढचंही बोलून टाकलं, पाठीवर पडून बोलणं त्याला सोपं गेलं. "माझं माप चुकलं. दात उंच लावलेत मी. पाव मिलिमीटर नाही, चांगले तीन मिलिमीटर. अकरा महिन्यांपूर्वी नुसतं ऐकून घेतलं असतं तरी कळलं असतं."

"अगं ए," दाजींनी अक्काला हाक मारली, "बाहेर ये. हा काय म्हणतोय ते ऐक." कट. "पुन्हा म्हण रे."

बारक्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. अक्काने ऐकलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून. मग दाजींनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि अक्काला आपल्या शेजारी बसवलं. इथून पुढे सगळं काम तिच्या तोंडून झालं.

"हे विचारतायत, खोक्यात एक वाकडी पिन आली असेल. ती कुठाय?"

बारक्याने हातातला पाना उगाच पुसायला घेतला.

"अरे, पिन कुठाय?"

"घरी आहे," बारक्या म्हणाला. "प्लास्टर ढवळतो मी तिने."

दाजी इतके हसले की स्टूल डुगडुगलं. बायको तासाभराने रिक्षाने पिन घेऊन आली. पिनेवर पांढऱ्या प्लास्टरचा बोटभर थर होता, तो दाजींनी हातोडीने टिचकी मारत मारत उतरवला. पेटीच्या एका बाजूला भोक होतं, बारक्याला वाटायचं ते वजन कमी करायला ठेवलंय. ती पिन त्या भोकातून तिन्ही पट्ट्यांमधून आरपार घालायची, म्हणजे पट्ट्या न्यूट्रलला एका रेषेत उभ्या राहतात. मग एकेक सळई लावायची. हे सगळं पहिल्या पानावर होतं.

"सळईचं टोक भोकात आपोआप पडलं पाहिजे," अक्का सांगत होती, आणि आता ती दाजींकडे न बघताच सांगत होती, जणू डेपोत तिनेच नोकरी केली होती. "ढकलावं लागलं तर लांबी चूक. काढ, अर्धा फेरा फिरव, पुन्हा लाव."

पहिली सळई चार वेळा काढावी लागली. तिसरी दुसऱ्यांदाच पडली. उलट्या गिअरची सळई तब्बल अडीच फेरे लांब निघाली. दाजींनी खणात राहिलेल्या वायसरांचीही चौकशी केली, ते बायकोने न सांगताच बरोबर आणले होते. बुशांत ग्रीस भरलं, क्लिपा बसवल्या, पिन काढली. शेवटी अडवणारे बोल्ट. ते दोन्ही पुरते बाहेर घेऊन दाजींनी दांडा तिसऱ्यात ढकलून दाबून धरला. बारक्याने खालून बोल्ट हळूहळू आत घेतला, दांड्याला टेकला हे दाजींच्या हाताला कळलं तसं त्यांनी बोट वर केलं आणि अक्का म्हणाली, "थांब!" मग दांडा सोडून आणखी एक फेरा आत आणि बोल्ट हलू नये म्हणून वरचा चेकनट घट्ट. चौथ्याला मागचा बोल्ट तसाच. सेहेचाळीस रविवारांचं काम वीस मिनिटांत झालं.

बारक्या बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर अंगणातल्या फरशीच्या रेघा उमटल्या होत्या. दाजींनी त्याला दांडा फिरवायला लावला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, उलटा. कुठेही अडखळ नाही, कुठेही जादाची हालचाल नाही. बारक्याला एकदम भरून आलं. तो बायकोला म्हणाला, "बघ, झाला की नाही?"

"हो," बायको म्हणाली. "अक्कांनी छान केला."

कवळीचं काम इतकं सरळ झालं नाही. ह्या वेळी बारक्याने दाजींना दंतवैद्याकडे नेलं, स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि एकदाही मधे बोलला नाही. निदान दोनदाच बोलला. पहिला मेणाचा नमुना ठीक नव्हता, ओठ आत गेल्यासारखा दिसत होता. दुसरा बरा होता. त्यालाही दाजींकडून आकडे मोजून घेतले, साठपासून सत्तरपर्यंत, दात आपटतात का ते ऐकायला. कवळी शेवटी बसली तेव्हा दाजींनी आरशात बघितलं नाही. घरी जाऊन त्यांनी मिक्सर उचलला आणि माळ्यावर ठेवून दिला. अक्काने तो दुसऱ्या दिवशी खाली काढला, चटणीला लागतो म्हणून.

गाडीचा गिअर एकदा जमला म्हणजे कायमचा जमला, असं नसतं. बुशं झिजतात, चेकनट सैल होतात, थंडीत ग्रीस आळतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बारक्या गाडी दाजींच्या अंगणात नेतो. दाजी स्टुलावर, बारक्या गाडीखाली. दाजींना आता स्पष्ट बोलता येतं, तरी अक्का पायरीवर बसून सूचना देतेच, आणि कधीकधी दोघांच्या सूचना वेगवेगळ्या असतात. काम झालं की एक चक्कर मारायची असते. गाडी दोघांचीच. दाजी चालवतात, अक्का डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसते. बारक्या आणि त्याची बायको फाटकात उभे राहून हात हलवतात. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेले ते दोघं मागच्या वेळी पावणेदोन तासांनी आले, आणि कुठे गेला होता असं विचारल्यावर अक्का म्हणाली, "अरे, चौथ्यात टाकल्यावर थांबवतच नव्हतं बघ ह्यांना."

गेल्या महिन्यात जुन्या गाड्या बाळगणारा एक गृहस्थ बारक्याचा पत्ता शोधत दाजींच्या अंगणात आला. त्याच्याकडे तशीच एक गाडी होती आणि तिसरा गिअर बाहेर येत होता. बारक्याला उधाण आलं. त्याने त्या माणसाला खुर्ची दिली आणि सुरुवातीपासून समजावून सांगितलं. पट्ट्या, सळया, कान, पिनेचं महत्त्व, पहिलं पान का वाचावं, बोल्टाचा एक फेरा जादा का द्यावा. मधे एकदा पाव मिलिमीटरही येऊन गेला. अर्धा तास तो बोलत होता आणि दाजी शेजारी बसून, नवे दात मिटून, शांतपणे ऐकत होते.

बारक्या थांबल्यावर दाजींनी त्या गृहस्थाला विचारलं, "काय, आता घरी जाऊन जमेल?"

गृहस्थ अवघडला. "खरं सांगू का," तो म्हणाला, "ह्यांनी एवढं सांगितलं, पण मला काहीच कळलं नाही."

दाजींनी बारक्याकडे बघितलं. बारक्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, भिंतीला लावलेली सतरंजी घेतली आणि पाटांवरच्या आपल्या गाडीशेजारी पसरली.

"इकडे या," तो त्या गृहस्थाला म्हणाला. "जागा आहे दोघांना. आधी श्वास सोडा."